खाण्याआधी एकदा रंगवा

शाळेत इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी घडा, सुरई आणि वांगी काढली आणि नंतर ब्रश ठेवला तो ठेवलाच, अशांसाठी हे आवाहन. येत्या रविवारी बेकरीतून दोन नानकटाया आणि कागदी वाटीतला एक मावा केक आणा. खाण्याआधी त्यांचं चित्र काढा.

हात बसवायला याहून सोयीचा विषय नाही. नानकटाई म्हणजे चपटा गोल, मावा केक म्हणजे खाली निमुळता झालेला दंडगोल. अमेरिकन चित्रकार वेन टीबो (१९२०–२०२१) यांनी अशाच साध्या आकारांवर नाव कमावलं. त्यांचं १९६३चं ‘केक्स’ हे तैलचित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. त्यात आयसिंग दाखवायला त्यांनी रंगच क्रीमसारखा जाड थापलाय आणि केकच्या सावल्या निळ्या रंगवल्यात. टीबो केक आठवणीतून रंगवायचे. आपली नजर अजून तेवढी तयार नाही, म्हणून वस्तू समोरच हवी. मोबाइलवरचा फोटोही नको. त्यात सावलीतले रंग बहुधा हरवतात.

पांढरी बशी खिडकीपाशी ठेवा आणि खोलीतला दिवा बंद करा, म्हणजे उजेड एकाच बाजूने येईल. आधी सावली नीट बघा. ती काळी नसते. बशीवर ती निळसर-जांभळी दिसते आणि नानकटाईच्या बुडापाशी तिच्यात तांबूस झाक येते. काळ्या रंगाची ट्यूब डब्यातच राहू द्या. नानकटाईला यलो ऑकर पुरतो. कड जिथे जास्त भाजली असेल तिथे थोडा बर्न्ट सिएना. वरच्या सगळ्या भेगा काढत बसू नका. उजेड आणि सावली मिळतात तिथल्या दोन-तीन ठसठशीत काढल्या की बाकीच्या बघणाऱ्याला आपोआप दिसतात. जलरंग वापरत असाल तर साखरेचे चकाकते कण कोऱ्या कागदाचेच राखा.

क्रीमचा केक सुरुवातीला टाळा; आपल्या उकाड्यात तो चित्र होईपर्यंत दम धरत नाही. नानकटाई घट्ट झाकणाच्या डब्यात टिकते. पहिलं चित्र फसलं तर तीच दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडा, या वेळी उजेड दुसऱ्या बाजूने घ्या. आणि घरातल्यांना आधीच बजावून ठेवा: रंग वाळेपर्यंत बशीला हात लावायचा नाही.