दोरी सैल झाली, ती कोणाच्या हातीं गेली?

सरकारनें आपला हात आंखडता घेतला म्हणजे लोक आपोआप आपल्या घरचे धनी होतात, असें सांगणारे विद्वान शहरांत पुष्कळ झाले आहेत. त्यांचीं व्याख्यानें ऐकून आमच्यासारख्या खेडवळ मास्तरालाही घटकाभर आनंद होतो. पण गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही मुंबईस आठ दिवस राहिलों आणि तो आनंद तेथेंच टाकून आलों.

आमच्या शाळेंतून सातवी पास झालेला एक मुलगा तेथें एका उंच इमारतीच्या फाटकावर वॉचमन आहे. बारा तास उभें राहणें. त्याला भेटावयास गेलों तर बिचाऱ्यानें आधीं वही पुढें केली. “गुरुजी, नांव लिहा, नाहींतर सेक्रेटरी मला बोलतील.” लिहिलें. वरच्या मजल्यावर आमचे एक दूरचे नातलग भाड्यानें राहतात, त्यांच्याकडे जावयाचें तर आमची टोपी व पायांतील वहाणा पाहून दुसऱ्या पहारेकऱ्यानें मागची लिफ्ट दाखविली. ती नोकरमाणसांची! हा नियम कोणी केला? कमिटीनें. कमिटी कोणी निवडली? सभासदांनीं. त्यांत तुझें मत किती? पोरगा नुसता हसला. वर गेल्यावर नातलगांस हाच प्रश्न केला, तर तेही हसले. दहा वर्षें त्याच घरांत राहून भाडेकऱ्यास सोसायटींत मत नाहीं. मत भिंतींच्या मालकास.

आतां कायद्याकडे पाहूं. सहकारी संस्थांचा आपला कायदा १९६० चा. त्यांत २०१९ सालीं गृहनिर्माण संस्थांचें निराळें प्रकरण घातलें, आणि लहान सोसायट्यांनीं आपल्या निवडणुका आपणच घ्याव्या अशी मोकळीक दिली. या सवलतीस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. दिवाबत्तीच्या आणि पाण्याच्या टाकीच्या कामासाठीं माणसांनीं निबंधकाच्या कचेरींत खेटे कां घालावे? पण मोकळें कोणास केलें, हें तरी बोला! फाटकाच्या आंत जी माणसें झाडतात, भांडीं घासतात, पहारा करतात, त्यांच्यावर पूर्वी लांबच्या साहेबाचा अंमल होता, आतां जवळच्या सेक्रेटरीचा आहे. लांबच्या साहेबाविरुद्ध निदान अर्ज तरी करतां येई.

फाटकाबाहेरही तोच प्रकार. १९९७ च्या सुमारास मुंबई पालिकेनें गल्लोगल्लीं रहिवाशांच्या मंडळ्या मान्य केल्या. ‘ए. एल. एम.’ असें त्यांचें नांव. कचरा निवडावा, रस्ता नेटका ठेवावा, वॉर्ड ऑफिसरशीं बसून बोलावें. काम चांगलें आहे. परंतु बंगलेवाल्यांची मंडळी एकदां साहेबाच्या शेजारीं बसली कीं कचऱ्यानंतर तिला दिसतो तो भाजीवाला आणि वडापावाची गाडी! झोपडपट्टींत तर सरकारनें १९९५ सालीं घरें बांधण्याचें कामच बिल्डरावर सोपविलें. पूर्वी शंभरांतील ७० जणांची संमती लागे, पुढें ती ५१ वर आणली. म्हणजे उरलेल्या ४९ जणांचें राहतें घर दुसऱ्याच्या सहीनें मोडूं शकतें. २०११ च्या शिरगणतींत मुंबईचीं शेंकडा ४१ माणसें झोपडपट्टींत होतीं, हें वाचकांनीं येथें ध्यानांत ठेवावें.

आमच्या खेड्यांत काय आहे? ग्रामसभा आहे. ती स्वर्ग आहे असें आम्ही म्हणत नाहीं. घरोघर फिरून सह्या घेतलेल्या सभा आम्हीं डोळ्यांनीं पाहिल्या आहेत. पण १५ ऑगस्टच्या एका सभेंत, जिच्या नांवावर वीतभर जमीन नाहीं अशा एका विधवा बाईनें उठून नळाच्या पैशांचा हिशेब मागितला, आणि सरपंचाच्या कपाळावर घाम आला, हेंही आम्हीं पाहिलें आहे. तिला कोणी विचारलें नाहीं कीं बाई, तुझा सात-बारा कोठें आहे. मतदार यादींत नांव आहे, तेवढें पुरे. हीच बाई उद्यां पोट भरण्यास मुंबईस गेली तर ती कोणत्या सभेंत उभी राहील?

७४ व्या घटनादुरुस्तीनें शहरांस १९९३ पासून प्रभाग समित्या मिळाल्या, त्या नगरसेवकांच्या. पुढें दिल्लीच्या पैशाची थैली उघडावी म्हणून २००९ सालीं महाराष्ट्रानें क्षेत्रसभेचा कायदा केला. त्यांत मतदान केंद्रांच्या हद्दींवरून लहान क्षेत्रें पाडावयाचीं, आणि तेथील प्रत्येक मतदार सभेचा सभासद! मालक, भाडेकरी, झोपडीवाला, सारे एका सतरंजीवर. थैली आली. सतरंजी मात्र अद्याप अंथरलेली दिसत नाहीं.

हा खेळ जुना आहे. १८८२ सालीं लॉर्ड रिपन यांनीं स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, तेव्हांही दोरी सैलच झाली होती. पण मत पट्टी भरणाऱ्यास होतें. मुंबईंत प्रौढ मतदानानें पालिकेची पहिली निवडणूक झाली ती १९४८ सालीं. ६६ वर्षें! पुण्याच्या म्युनिसिपालिटींत जोतीराव फुले १८७६ सालीं बसले, तेही मतांनीं नव्हे, सरकारच्या नेमणुकीनें.

कोणी म्हणतील, मास्तर, मग तुम्हांस पुन्हां सरकारचा चाबूक हवा काय? मुळींच नको. मुंबई पालिकेची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली आणि जानेवारी २०२६ पर्यंत तेथें निवडणूक नव्हती. सारा कारभार प्रशासकाच्या हातीं. त्या काळांत ज्याच्यापाशीं सोसायटीचें लेटरहेड होतें त्याला साहेबाचें दार ठोठावतां येत होतें. चाळींतल्या माणसाला नगरसेवकाचें दार होतें, तें बंद झालें. वरून आवळलें तरी मार त्यालाच, खालून सोडलें तरी मार त्यालाच.

आमची मागणी एवढीच आहे. क्षेत्रसभा भरवा, वर्षाचे दिवस ठरवून भरवा, तिच्यापुढें वॉर्डाचा हिशेब मोठ्यानें वाचा, आणि फाटकावरच्या वॉचमनला त्या दिवशीं दोन तासांची सुटी द्या. मुंबईच्या नगरसेवकांपैकीं कोणी आपल्या प्रभागांत अशी सभा भरविली असल्यास त्यानें दिनांक व ठिकाण कळवावें. आम्ही स्वखर्चानें येऊन पाहूं, आणि येतांना पुढची लिफ्ट मागणार नाहीं.