‘अशक्तपणा’ म्हणून सोडून देऊ नका

बाळंतपणात माझं खूप रक्त गेलं. नंतर दूध आलंच नाही. सासूबाई म्हणाल्या, “आईलाच माया नाही.” पाळी परतली नाही, काखेतले केस गळाले, भर वैशाखात थंडी वाजायची. सहा वर्षं डॉक्टर ‘अशक्तपणा’ म्हणत टॉनिक देत राहिले. एम.एस.डब्ल्यू. झालेली मीही स्वतःलाच दोष देत होते.

अखेर रक्ततपासणीत कळलं : शीहान सिंड्रोम. अतिरक्तस्रावामुळे मेंदूखालची पिच्युटरी ग्रंथी निकामी होते. हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ साली याचं वर्णन केलं होतं. आता रोजच्या हार्मोनच्या गोळ्यांवर मी कामाला उभी राहते.

बाईचं दुखणं तिच्या स्वभावावर ढकलणं हाही अन्यायच. मैत्रिणींनो, वस्तीतली एखादी म्हणाली, “बाळंतपणापासून अंगात त्राण नाही,” तर विचारा : रक्त किती गेलं? दूध आलं का? पाळी परतली का? आणि हार्मोनची तपासणी होईपर्यंत तिच्यासोबत दवाखान्यात जा.