पत्रा बदलला म्हणून गाडी परकी होत नाही

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समधून १९८५ साली बाहेर पडलेली पद्मिनी आज तुमच्या दारात उभी असेल, तर सरकारदरबारी तिची मोठी पंचाईत आहे. साधी गाडी म्हणून सांभाळायला ती महाग पडते आणि व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर तिचं वय भरत नाही. पन्नाशी गाठायला तिला २०३५ उजाडेल.

केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले, ही चांगलीच गोष्ट झाली. पन्नास वर्षं उलटलेल्या मोटारीला आणि दुचाकीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढायची. पन्नाशीच्या आतल्या गाड्यांना तर एवढीही सवलत नाही. त्यांच्या फेरनोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२पर्यंत ६०० रुपये होतं, ते ५,००० झालं. ऑगस्ट २०२५पासून वीस वर्षांपुढच्या मोटारीला १०,००० रुपये आणि परदेशी बनावटीच्या मोटारीला ८०,००० रुपये भरावे लागतात. पर्यावरण कर वेगळा. पेन्शनवर घर चालवणाऱ्या माणसाने वडिलांची गाडी भंगारात द्यावी, असंच हे आकडे सांगतात.

त्याहून मला जास्त खुपतं ते त्याच नियमांतलं एक कलम. गाडी मूळ स्वरूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालणार नाही. कागदावर हे रास्त वाटतं. पण एखाद्या जुन्या गॅरेजात जाऊन बघा. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चॅसी नसते, बॉडी हाच तिचा सांगाडा. मुंबईच्या खाऱ्या हवेने खालचा पत्रा आतून खाल्लेला असतो. मॅट उचललं की भोकातून जमीन दिसते. डेंटर सडका भाग कापून काढतो, पुठ्ठ्यावर माप उतरवतो, त्या मापाने नवा पत्रा कापतो, कडा ठोकून वळवतो, पुन्हा पुन्हा लावून बघतो आणि मगच वेल्डिंगला हात घालतो. जुन्या पत्र्यावरची प्रत्येक घडी नव्यावर आलीच पाहिजे, हा त्याचा हट्ट असतो. या कामाला फेरफार म्हणायचं? हे केलं नाही तर गाडी उभ्या उभ्या मातीला मिळते. पासिंगला नेल्यावर चॅसी नंबरचा पेन्सिलने ठसा घेणाऱ्या अधिकाऱ्याने याला दुरुस्ती म्हणावं की बदल, हे नियमाने स्पष्ट सांगायला हवं. आज हा प्रश्न सोडवायचं ओझं त्याच्यावर आणि मालकावर पडतं.

मेलेल्या जीपचं आरसी बुक विकत घेऊन त्यावर भलतीच गाडी उभी करणारे लोकही आहेत. त्यांना जरूर पकडा. कोणी हौसेने जुन्या मोटारीची हुबेहूब नक्कल बांधली असेल, तर ती नक्कल म्हणूनच नोंदवा. अस्सल म्हणून खपवू देऊ नका. अमेरिकेने हे केलं आहे. पंचवीस वर्षांहून जुन्या मोटारींच्या प्रतिकृती छोट्या उत्पादकाला वर्षाला ३२५पर्यंत विकता याव्यात, असा कायदा तिथे डिसेंबर २०१५मध्ये झाला. नियम मात्र निघेनात. सेमा या वाहनसाहित्य उत्पादकांच्या संघटनेने २०१९मध्ये कोर्टात धाव घेतली, पाठपुरावा सोडला नाही आणि अखेर २०२२च्या मार्चमध्ये नियम प्रसिद्ध झाले. सहा वर्षांहून अधिक काळ त्यांनी चिकाटी धरली. आपण अजून नीट मागणीही केलेली नाही.

मागणी साधी आहे. तीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘क्लासिक’ असा वेगळा वर्ग हवा, शुल्क माफक हवं. धुराची चिंता खरी आहे, म्हणून वर्षाकाठी किलोमीटरची मर्यादा घाला, पीयूसी काटेकोर तपासा. रविवारी गाडी काढणाऱ्याला ते जड जाणार नाही. मूळ मापाने, मूळ आकारात केलेलं पत्र्याचं काम म्हणजे दुरुस्तीच, हे नियमात लिहून टाका. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपुढच्या, मोठे बदल न झालेल्या मोटारींना रस्ताकर माफ आहे आणि वार्षिक तपासणीचीही सहसा सक्ती नाही. आपण एवढंही मागत नाही.

पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तेव्हा हळहळ सगळ्यांनी व्यक्त केली. खाजगी पद्मिनी, आकुर्डीच्या चेतक स्कूटर आणि महिंद्राच्या जुन्या जीप अजून आपल्या हातात आहेत. आरसी बुकाची प्रत, गाडीचे फोटो आणि डेंटरचं बिल जोडून आजच एक पत्र लिहा. आपल्या खासदारांना द्या, परिवहन आयुक्तांना द्या आणि एक प्रत थेट पाठवा : केंद्रीय रस्ते परिवहन मंत्रालय, परिवहन भवन, संसद मार्ग, नवी दिल्ली ११०००१.