पिवळं फेकू नका, प्लीज!

कबूल करते. वर्षभर मी रोज सकाळी दोन अंडी उकडत होते आणि त्यातलं पिवळं सरळ डस्टबिनमध्ये टाकत होते. जिममधल्या एका ‘एक्स्पर्ट’ मित्राचा सल्ला. कोलेस्टेरॉल वाढतं म्हणे! वर त्याचा अभिमानही होता. नुसतं एग व्हाइट खाणारी मुलगी कशी एकदम हेल्थ कॉन्शस वाटते ना!

मग तळपायांना मुंग्या यायला लागल्या. म्हटलं, डेडलाइनच्या नावाखाली तासन्‌तास मांडी घालून लॅपटॉपसमोर बसते, त्याचंच हे फळ. रिपोर्ट आला तर बी-१२ पार तळाला. घर शाकाहारी, ‘डाएट’ म्हणून दूध मीच बंद केलेलं, आणि अंड्यातलं बी-१२ जवळजवळ सगळं पिवळ्यात! डॉक्टरबाईंनी कपाळावर हात मारला. आता पिवळंही खाते, म्हटलं. तर त्या म्हणाल्या, जरूर खा, पण इंजेक्शनं चुकणार नाहीत. अंड्यातलं बी-१२ शरीरात फारसं शोषलं जात नाही.

घरी येऊन होमवर्क केला. (आधीच करायला हवा होता, मान्य.) एका मोठ्या अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन, आणि त्यातलंही चाळीसेक टक्के पिवळ्यात. शिवाय ए आणि डी व्हिटॅमिन, मेंदूला लागणारं कोलीन, डोळ्यांसाठीचं ल्युटीन, सगळं तिथेच. पांढऱ्यात उरतं काय, तर प्रोटीन आणि भरपूर पाणी. कोलेस्टेरॉल असतं, १८५ मिलिग्रॅमच्या आसपास. पण रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं लिव्हरच तयार करतं. अमेरिकेनं तर २०१५-२० च्या आहारविषयक सूचनांमधून रोजची ३०० मिलिग्रॅमची मर्यादाच काढून टाकली. डायबेटिस किंवा हार्टचा त्रास असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारा, मला नको.

आता किचन. पाणी उकळलं की अंडी हलकेच सोडा. ७ मिनिटांत पिवळं मऊ, ११ मिनिटांत घट्ट. लगेच गार पाण्यात टाका, नाहीतर पिवळ्याभोवती ती हिरवट कडा येते. अगदी ताजी अंडी सोलताना पांढरंही सालाबरोबर निघतं, त्यामुळे उकडायला आठवडाभर जुनी बरी. बुर्जीसाठी कांदा-टोमॅटो आधी पूर्ण परता, अंडी शेवटी घाला आणि आळली की लगेच गॅस बंद! आणि ते दुधात कच्चं अंडं घालून पिणारे वीर, जरा थांबा. कच्च्या पांढऱ्यातलं अ‍ॅव्हिडिन बायोटिनला धरून ठेवतं, शिजवलं की सोडतं.

आमच्याकडे हे सगळं गॅलरीत चालतं. वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, वेगळा चमचा. आईच्या ओट्यावर अंडं? शक्यच नाही. पण इंजेक्शनं सुरू झाल्यापासून ती सकाळी गॅलरीच्या दारात येऊन उभी राहते. परवा मी फोनवर होते, तर तिथूनच ओरडली, “अगं, अकरा मिनिटं झाली! बंद करू का?”