माळ्याच्या कसबाचे मोल

महाराष्ट्राने १९९० मध्ये फळबाग लागवडीला रोजगार हमी योजनेची जोड दिली आणि कोकणात आंबा-काजूच्या बागा वाढल्या. त्यांच्यामागे कलमे बांधणाऱ्या हातांचे कसब आहे. शहरांतील उद्यानांच्या कामात मात्र या कसबाला मोल नाही. तेथे बहुधा सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते. लागवडीचे देयक निघते, जोपासनेसाठी हात आखडतो. मग उद्यानविद्येचा पदवीधर सरकारी नोकरीकडे डोळे लावून बसला, तर दोष त्याचा नव्हे. किती रोपे लावली यापेक्षा तीन वर्षांनी किती जगली, यावर मोबदला ठरला पाहिजे. तसे झाले तरच हा व्यवसाय प्रतिष्ठेचा होईल. एरवी पदव्या वाढतील आणि रोपांच्या जागी खड्डे तेवढे उरतील.