आडवा पडदा, उभा हिशेब

आमच्या भागातल्या तेरा बचत गटांचे हिशेब एक बाई सांभाळतात. पन्नाशीच्या आहेत, बारावीपर्यंत शिकलेल्या, पण आकड्यांत एकदम पक्क्या. पंधरा वर्षं त्यांनी वहीवर हिशेब ठेवला, कधी एका रुपयाचा घोळ नाही. मग सगळ्यांच्या वर्गणीतून गटासाठी एक सेकंडहँड लॅपटॉप घेतला आणि सहा महिन्यांतच त्या रडवेल्या होऊन माझ्याकडे आल्या. ''ताई, माझं नाव काढा यातून. मला नाही जमत हे. एखादी शिकलेली मुलगी बघा.''

मला वाटलं, कॉम्प्युटरची भीती वाटत असेल. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. तर बाई झरझर टाइप करत होत्या! अडत होतं दुसरीकडेच. पडद्यावर एका वेळी जेमतेम पंधरा-सोळा ओळी दिसत. चौदाव्या बाईचा हप्ता लिहिला की पहिली दिसेनाशी. बेरीज ताडायला खाली जायचं, नाव बघायला वर यायचं. अक्षरं आडवी फुगलेली आणि पुसट. रफार आहे की अनुस्वार, तेही कळेना. संध्याकाळपर्यंत मान आखडलेली आणि डोळ्यांत पाणी.

सुट्टीला आलेल्या माझ्या लेकीने लॅपटॉप पाहिला आणि पाच मिनिटांत म्हणाली, ''आई, काकूंचं काही चुकत नाहीये. स्क्रीनचं चुकतंय.''

तिने मला समजावलं ते रांगोळीच्या भाषेत. पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. आडवे ठिपके किती आणि उभे किती, त्याला म्हणतात रिझोल्यूशन. गटाचा लॅपटॉप होता १३६६ बाय ७६८ चा. 'काकूंना अक्षर मोठं दिसावं' म्हणून कुणाच्या तरी भाच्याने ते ८०० बाय ६०० करून ठेवलं होतं. हेतू चांगला, पण ठिपके कमी केल्यावर रांगोळी मोठी झाली तरी रेघ बिघडणारच. त्यात आपली देवनागरी! वर मात्रा-रफार, खाली उकार, मधे जोडाक्षरं. इंग्रजी अक्षर थोड्या ठिपक्यांत भागवून नेतं, आपल्या 'द्ध' आणि 'र्‍हा'ला जास्त ठिपके लागतात.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरी असं कुणी करून ठेवलं असेल तर एवढं करा. पडद्यावर मोकळ्या जागी माऊसचं उजवं बटण दाबून 'डिस्प्ले सेटिंग्ज' उघडा. रिझोल्यूशनच्या यादीत ज्याच्यापुढे 'रेकमेंडेड' लिहिलेलं असतं तेच ठेवा. अक्षर मोठं हवं तर तिथेच 'स्केल' नावाची सोय असते, ती १२५ किंवा १५० टक्के करा. अक्षर मोठं होतं आणि रेघही स्वच्छ राहते.

आमच्या काकूंची अक्षरं स्वच्छ झाली, पण ओळी वाढून वाढून झाल्या बावीस. कारण पडद्याला उंचीच नव्हती. स्केल वाढवावं तर त्याही कमी व्हायच्या.

इथे माझ्या डोक्यात खरा प्रकाश पडला. पूर्वीचे मॉनिटर आठवतात? जवळजवळ चौकोनी असायचे. त्यांचं माप चारास तीन. त्यांच्यावर बहुधा १०२४ बाय ७६८ ठिपके. नंतर आलेल्या रुंद लॅपटॉपवर १३६६ बाय ७६८. म्हणजे पडदा बाजूंना पसरला, पण उंचीचे ठिपके तेवढेच राहिले! लेकीने कागदावर मापं काढून दाखवली. पडद्याचे इंच मोजतात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरके. जुना १५ इंची चौकोनी पडदा १२ इंच रुंद आणि ९ इंच उंच. आताचा १५.६ इंची आडवा पडदा सुमारे १३.६ इंच रुंद, पण उंच फक्त ७.६ इंच. जागेचा गुणाकार केला तर 'मोठा' म्हणून घेतलेला पडदाच लहान निघतो. साडीचा पन्हा आपण बोटांनी मोजून बघतो, आणि इथे मात्र दुकानदार 'पंधरा इंची' म्हणाला की मान डोलावतो!

हे आडवं माप, सोळास नऊ, आलं टीव्हीकडून. रुंद सिनेमा आणि चौकोनी टीव्ही यांच्यातला मध्यम मार्ग म्हणून १९८० च्या दशकात ते सुचवलं गेलं. २००८ ते २०१० च्या सुमाराला लॅपटॉप-मॉनिटरही त्याच मापाचे झाले, कारण टीव्हीच्याच मापात पडदे बनवणं कारखान्यांना स्वस्त पडतं. सिनेमा आणि क्रिकेटला ते माप झकास, यात वाद नाही. पण आपलं लिहिणं-वाचणं बघा. वही उभी, खतावणी उभी, बँकेचा फॉर्म उभा, हे वर्तमानपत्रसुद्धा उभं. उभं काम आडव्या पडद्यात कोंबायचं आणि जमलं नाही की म्हणायचं, बायकांना कॉम्प्युटर जमत नाही!

आमच्या घरी हा विषय निघाला तेव्हा मुलगा म्हणाला, ''आई, रुंद स्क्रीनवर दोन कागद शेजारी शेजारी उघडता येतात.'' बरोबर आहे. टेबलावरच्या २४ इंची मॉनिटरवर मीही ते करते. पण लहान लॅपटॉपवर तसं केलं की दोन्ही कागद चिंचोळे होतात, हे त्यालाही कबूल करावं लागलं.

मला बोच लागली ती वेगळीच. गटाचा लॅपटॉप आणायला कोण गेलं होतं? दोन सदस्यांचे यजमान. त्यांनी दुकानात काय पाहिलं? सिनेमाचं एक गाणं लावून पाहिलं. जी बाई रोज चार तास त्यावर बसणार, तिला कुणी बरोबर नेलंच नाही. आणि खरं सांगते, मलाही ते सुचलं नाही. आमच्या घरचा लॅपटॉपही ह्यांनी आणि मुलानेच पसंत केला होता. मिक्सर घेताना मात्र मी दुकानात चार भांडी उघडून बघते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. जी काम करणार, तिने दुकानात जावं. गाण्याऐवजी मराठी मजकुराचं एक पान आणि हिशेबाचा एक तक्ता उघडून बघावा. ओळी मोजाव्यात. अगदी स्वस्त आणि जुन्या मालात १३६६ बाय ७६८ अजूनही मिळतो, तो टाळावा. निदान १९२० बाय १०८० घ्यावा. थोडे पैसे जास्त घालता आले तर १९२० बाय १२०० बघावा. हे सोळास दहा माप २०२० पासून बऱ्याच लॅपटॉपवर परत आलंय. मायक्रोसॉफ्टने तर २०१४ च्या सरफेस प्रो ३ ला तीनास दोन असा आणखी उंच पडदा दिला होता, पण असे पडदे अजून महागच आहेत.

आमच्या गटाकडे तेवढे पैसे नव्हते. मग एका ऑफिसातून भंगारात निघालेला १९ इंची चौकोनी मॉनिटर आम्ही हजार रुपयांत आणला. १२८० बाय १०२४, उंची जवळजवळ १२ इंच. लॅपटॉपच्या निळ्या सॉकेटला वायर जोडली आणि तेरा गटांचा तक्ता उघडला. काकूंनी बोट ठेवून ओळी मोजल्या. पस्तीस! अक्षरंही आधीपेक्षा मोठी.

मार्चअखेरचा ताळेबंद त्यांनीच पूर्ण केला, एका रुपयाचा फरक न येता. परवा मी सहज विचारलं, ''मग, शिकलेली मुलगी शोधू ना?''

''शोधा की,'' त्या म्हणाल्या, ''मी शिकवीन तिला.''