गाणें कोणाचें?

ज्या 1873 सालीं जोतीराव फुल्यांनीं 'गुलामगिरी' हें पुस्तक काळ्या लोकांस दास्यांतून सोडविणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें, त्याच सालीं तिकडे अलाबामा प्रांतांत, दास्यांतून सुटलेल्या एका जोडप्याच्या पोटीं विल्यम हँडी जन्मला. बाप धर्मोपदेशक. मुलानें पैसे सांठवून गिटार नांवाचें तंतुवाद्य घरीं आणलें, तर बापानें तें सैतानाचें म्हणून परत करावयास लावलें व बदल्यांत शब्दकोश आणविला! पुढें हा गृहस्थ शिक्षक झाला. पण पगार पाहून नळांच्या कारखान्यांत मजुरीस गेला. आम्हां शाळामास्तरांस यांत नवल तें काय?

तरुणपणीं काम शोधीत तो सेंट लुई शहरीं आला. खिशांत दमडी नाहीं, निजावयास नदीकाठची फरसबंदी. तेथें एक बाई, नवऱ्याच्या निष्ठुरपणानें पोळलेली, अडखळत, स्वतःशींच बोलत जातांना त्यानें ऐकली. तिचे बोल त्याच्या मनांत वीस वर्षें राहिले, आणि 1914 सालीं 'सेंट लुई ब्लूज' या त्याच्या गाण्यांत उतरले. ब्लूज म्हणजे काळ्या कष्टकऱ्यांचें दुःखाचें गाणें. एक ओळ म्हणावी, तीच पुन्हां म्हणावी, तिसरीनें उत्तर द्यावें. कापूस वेचतां वेचतां पाठ व्हावें असें. हँडीनें मध्येंच टँगो नाचाचा ठेका घातला, म्हणून रडतां रडतां पाय हलूं लागतो.

कोणी म्हणेल, हँडीनें रस्त्यावरचें उचलून आपलें म्हणून विकलें. आम्हांस हें पटत नाहीं. 1912 सालीं 'मेंफिस ब्लूज' या गाण्याचा हक्क त्यानें थोडक्या डॉलरांस दिला. पैसा दुसऱ्यांनीं केला, आणि हक्क परत हातीं यावयास 1940 साल उजाडलें. एकदां असा नाडलेला माणूस दुसरें गाणें पेस नांवाच्या भागीदारासह स्वतः छापतो, कागद आपल्याच पेटींत ठेवतो, यांत चोरी कोठें आली? शेतकऱ्यानें आपला माल आपणच बाजारांत नेला, इतकेंच. शिवाय 1941 सालच्या आत्मचरित्रांत गाणें कोठून आलें तें त्यानें लपविलें नाहीं.

परंतु छापण्यानें कांहीं गाणें टिकत नाहीं. 1925 सालीं बेसी स्मिथ या काळ्या गायिकेनें तें ध्वनिमुद्रिकेवर गाइलें. साथीला फक्त पायपेटी आणि लुई आर्मस्ट्राँगचें कॉर्नेट, म्हणजे लहानसें पितळी तुतारीवजा वाद्य. ती इतकी सावकाश गाते कीं एकेका शब्दावर बसून घ्यावें. कॉर्नेट तर तिची बाजू घेऊन बोलणाऱ्या शेजारणीसारखें वाटतें. जाझवाले, नाचवाले, बोलपटवाले पुढें सर्वच त्या गाण्याच्या मागें लागले. पण आमच्या मतें तें गाणें त्या ध्वनिमुद्रिकेंत मूळ बाईकडे परत गेलें.

हँडी 1958 सालीं वारला. मेंफिस शहरांत बील रस्त्यावर त्याचा पुतळा आहे. सेंट लुईच्या त्या बाईचें नांव मात्र त्याच्या पुस्तकांतही नाहीं.